मैदानावर ओतलेले पाणी

उन्हाळा लागला की आपल्या बहुतेक गावांत पाण्याची चिंता सुरू होते. कोठे नळाला एक दिवसाआड पाणी येते, कोठे चार दिवसांआड. कोठे विहिरीचा तळ दिसू लागतो, तर कोठे गल्लीच्या तोंडाशी टँकरची वाट पाहत घागरी आणि प्लॅस्टिकचे कॅन रांगेने मांडून ठेवलेले असतात. अशा दिवसांत गावातल्या एखाद्या क्रीडांगणावर मोठाले फवारे सुरू झालेले दिसले, आणि ज्यावर ते पाणी उडते आहे ते गवत नसून गवतासारखे दिसणारे हिरवे प्लॅस्टिक आहे असे कळले, म्हणजे पाहणाऱ्याला राग येतो. हा राग स्वाभाविक आहे. तथापि रागाने प्रश्न सुटत नाहीत. पुष्कळदा ते नीट मांडलेही जात नाहीत. म्हणून ह्या विषयाकडे थोडे शांतपणे पाहावे असे आम्हांस वाटते.

प्रश्न असा आहे: जेथे माणसांना पाणी पुरत नाही, तेथे जिवंत नसलेले मैदान थंड आणि ओले ठेवण्यासाठी पाणी खर्च करणे नीतीला धरून आहे काय? ह्याला ‘नाही’ असे एका शब्दाचे उत्तर देणे सोपे आहे. परंतु तसे उत्तर देणाऱ्याने आणखी काही गोष्टी ध्यानात घेतल्या पाहिजेत. त्या घेतल्यावर उत्तर बदलेलच असे नाही. पण दोष नेमका कोठे आहे आणि तो कोणाकडे जातो, हे अधिक स्पष्ट होईल.

प्रथम हे मैदान आले कोठून ते पाहू. अमेरिकेत ह्यूस्टन येथे १९६५ साली छप्पर असलेले एक प्रचंड क्रीडागार उघडण्यात आले. छपराच्या पारदर्शक तावदानांतून येणाऱ्या उजेडामुळे उंच उडालेला चेंडू खेळाडूंना दिसेना, म्हणून तावदानांना रंग देण्यात आला. रंग दिल्यावर उजेड अडला आणि आतले गवत मेले. त्यावर उपाय म्हणून १९६६ साली तेथे प्लॅस्टिकचे गवत अंथरले गेले, आणि त्या इमारतीवरूनच त्याला ‘अ‍ॅस्ट्रोटर्फ’ हे नाव पडले. म्हणजे जे गवत प्रसिद्धीस आले ते सूर्यप्रकाश नसलेल्या जागी. पुढे तेच आपण ग्वाल्हेर आणि हैदराबादच्या उन्हात आणून अंथरले. ह्या एका गोष्टीत पुढच्या साऱ्या अडचणीचे मूळ आहे.

हॉकीत हा बदल १९७६ साली आला. त्या वर्षी माँट्रियल येथील ऑलिंपिक सामने प्रथमच कृत्रिम मैदानावर झाले, आणि १९२८ पासून प्रत्येक वेळी पदक घेऊन येणारा भारताचा संघ सातव्या क्रमांकावर गेला. आमच्या वाचकांपैकी ज्येष्ठांना तो काळ आठवत असेल. महूचे गोलरक्षक शंकर लक्ष्मण, बेळगावचे बंडू पाटील, ग्वाल्हेरीत आयुष्य घालविलेले कॅप्टन रूपसिंह ही सारी मंडळी मातीवर आणि खऱ्या गवतावर खेळून मोठी झाली. त्यांच्या खेळाला पाऊस आणि दव पडेल तेवढेच पाणी, फार तर मैदानावर मारलेली भिस्तीची पखाल. १९७६ नंतर मात्र ज्याला मोठ्या सामन्यांत खेळायचे त्याला कृत्रिम मैदानावरच शिकणे भाग पडले, आणि त्या मैदानाला प्रत्येक सामन्यापूर्वी भिजविणे भाग पडले. ओल्या मैदानावर चेंडू सरळ आणि वेगाने जातो, पाय नीट वळतो, आणि खेळाडू पडला तर त्याची कातडी घासून सोलवटत नाही. थंडावा हा त्यासोबत मिळणारा लाभ.

आता उष्णतेविषयी. जिवंत गवत आपल्या पात्यांतून सतत पाण्याची वाफ सोडत असते, आणि त्या वाफेबरोबर उष्णताही निघून जाते. घामाने आपले अंग थंड होते तसाच हा प्रकार. प्लॅस्टिकला घाम येत नाही. फुटबॉलच्या कृत्रिम मैदानात तर पात्यांच्या मध्ये वाळू आणि पुष्कळदा जुन्या टायरांच्या रबराचे काळे दाणे पसरलेले असतात. ते ऊन पिऊन घेतात. अमेरिकेतील युटा संस्थानात ब्रिगहॅम यंग विद्यापीठाने २००२ साली ह्याची मोजणी केली. हवेचे तापमान ३७ अंश सेल्सिअस असलेल्या दिवशी कृत्रिम मैदानाच्या पृष्ठभागाचे तापमान ९३ अंशांपर्यंत गेलेले आढळले. डांबरी रस्ताही इतका तापलेला नव्हता. मग त्यांनी तापलेल्या मैदानावर पाणी मारून पाहिले. ७९ अंशांवर असलेले तापमान एकदम २९ अंशांवर आले. परंतु पाच मिनिटांत ते पुन्हा ४९ अंशांवर चढले, आणि वीस मिनिटांत ७३ अंशांवर पोचले. ही वीस मिनिटे वाचकांनी ध्यानात ठेवावीत. फुटबॉलच्या एका सामन्याचा अर्धा भाग पंचेचाळीस मिनिटांचा असतो.

असे का होते, हे हिशेबाने कळते. भर दुपारी एक चौरस मीटर जागेवर सूर्याची साधारण एक किलोवॅट उष्णता पडते. एक लिटर पाण्याची वाफ होण्यास जेवढी उष्णता लागते तेवढी त्या जागेवर सुमारे चाळीस मिनिटांत पडते. हॉकीचे मैदान सुमारे ९१ मीटर लांब व ५५ मीटर रुंद, म्हणजे पाच हजार चौरस मीटरांचे असते. त्यावर पडणारी सारी उष्णता पाण्यानेच उचलावी असे म्हटले, तर तासाला सात हजार लिटरांहून अधिक पाणी वाफ होऊन जाईल. त्यात हवा कोरडी आणि वारा तापलेला. पाणी मारणारा माणूस सूर्याशी पैज लावून बसलेला असतो, आणि ही पैज त्याने जिंकल्याचे कधी ऐकिवात नाही.

आणखी एक हिशेब करू. सामन्यापूर्वी मैदानावर पाण्याचा तीन मिलिमीटरांचा थर द्यावयाचा झाला, तर पंधरा हजार लिटर पाणी लागते. भारतात शहरी पाणीपुरवठ्यासाठी माणशी दिवसाला १३५ लिटर हे प्रमाण धरले जाते, आणि २०१९ साली सुरू झालेल्या जलजीवन मिशनने खेड्यांसाठी ५५ लिटर हे प्रमाण ठेवले. म्हणजे मैदान एकदा भिजविण्याचे पाणी शहरातल्या ११० माणसांचे, किंवा खेड्यातल्या २७० माणसांचे एका दिवसाचे पाणी झाले. दिवसातून दोनदा मैदान भिजविले आणि वर्षात तीनशे दिवस खेळ चालला असे समजा. तर वर्षाला नव्वद लाख लिटर लागतील. तेवढ्याच जागेत, म्हणजे अर्ध्या हेक्टरात, ऊस लावला तर तो एका हंगामात एक कोटी लिटरांच्या आसपास पाणी पितो. पाण्याच्या बाबतीत ज्या उसाला आपण एवढी नावे ठेवतो, त्याच्याच तोडीचे हे प्लॅस्टिकचे शेत आहे.

एवढे वाचल्यावर पुष्कळांचा निकाल ठरून गेला असेल. परंतु दुसरी बाजू ऐकल्याशिवाय निकाल देणे न्यायाचे नव्हे. दुसऱ्या बाजूचे म्हणणे तीन प्रकारचे आहे, आणि तिन्हींत तथ्य आहे.

पहिले म्हणणे असे की, खरे गवत तरी कोठे निर्जळी करते? हे खरे आहे. २०२२ साली कतार येथे फुटबॉलची विश्वचषक स्पर्धा झाली, तेव्हा तेथील प्रत्येक गवती मैदानाला हिवाळ्यात दिवसाला दहा हजार आणि उन्हाळ्यात पन्नास हजार लिटर पाणी द्यावे लागते असे सांगण्यात आले होते, आणि तेही समुद्राचे खारे पाणी गोड करून. किंबहुना कृत्रिम गवत विकणारे ‘आमच्या गवताला पाणी लागत नाही’ असेच सांगून ते विकतात, आणि पाण्याची बचत व्हावी ह्या चांगल्या हेतूनेच काही संस्था ते घेतात. मग उन्हाळ्यात मुलांचे तळवे भाजू लागले म्हणजे त्यावर पाईप धरावा लागतो. तेव्हा प्लॅस्टिक अपराधी आणि गवत निरपराधी, अशी सरळ वाटणी करता येत नाही.

दुसरे म्हणणे असे की, खेळ ही चैन नव्हे. आमच्या वडिलधाऱ्यांपैकी काहींना ‘आधी पोट, मग खेळ’ असे म्हणण्याची सवय आहे. परंतु मूल केवळ पोटावर वाढत नाही. खेळात ते हार पचविण्यास शिकते, नियम पाळण्यास शिकते, आपल्याहून वेगळ्या घरातल्या मुलाला चेंडू देण्यास शिकते. आज हॉकी खेळणाऱ्या मुलींपैकी कित्येक गरीब घरांतून आणि लहान गावांतून येतात. ग्वाल्हेर येथे २००६ साली मध्य प्रदेश शासनाची मुलींची हॉकी अकादमी सुरू झाली, तिच्यातून देशाच्या संघात खेळाडू गेल्या. त्यांच्यासाठी ते ओले मैदान म्हणजे नोकरीचा, मानाचा आणि घर उभे करण्याचा रस्ता आहे. जगातल्या मुली ओल्या मैदानावर शिकतात आणि आमच्या मुलींनी मात्र त्यागाचा धडा म्हणून कोरड्यावर शिकावे, असे सांगण्याचा अधिकार, ज्याच्या घरी चोवीस तास नळ आहे त्याला तर मुळीच नाही.

तिसरे म्हणणे असे की, मैदानांचे पाणी ते किती? शेती, कारखाने आणि गळक्या नळांपुढे ते समुद्रातल्या थेंबासारखे आहे. ह्यातही खोटे काही नाही. नजरेला पडते त्यावर राग काढणे सोपे असते. फवारा सर्वांना दिसतो. जमिनीखाली फुटलेला नळ कोणाला दिसत नाही.

ह्या तिसऱ्या म्हणण्याची कसोटी २०१६ साली आपल्या डोळ्यांदेखत लागली. त्या वर्षी मराठवाड्यात भीषण दुष्काळ होता. १२ एप्रिलला मिरजेहून निघालेली पाण्याची आगगाडी लातूरला पोचली. पहिल्या खेपेला दहा वाघिणींत मिळून पाच लाख लिटर पाणी होते. त्याच सुमारास आयपीएलचे क्रिकेट सामने महाराष्ट्रात व्हावयाचे होते, आणि त्यांच्या मैदानांसाठी सुमारे साठ लाख लिटर पाणी लागेल अशी चर्चा होती. प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेले, आणि ३० एप्रिलनंतरचे सामने महाराष्ट्राबाहेर न्यावेत असा आदेश झाला. त्या वेळी अनेकांनी विचारले, ‘सामने हलविल्याने लातूरला एक घागर तरी जास्त मिळाली काय?’ हा प्रश्न चुकीचा नव्हता. मुंबईच्या मैदानाचे पाणी काही लातूरकडे वळत नव्हते.

तरीही आम्हांस वाटते की, त्या आदेशात एक अर्थ होता. एका घरात कोणी आजारी असता दुसऱ्या खोलीत कोणी मोठ्याने गाणी लावीत नाही. गाणी बंद केल्याने ताप उतरतो असे नव्हे. परंतु एका घरात राहणाऱ्यांनी एकमेकांच्या दुःखाची दखल घ्यावी, ही घर असण्याची खूण आहे. परिणाम किती झाला एवढ्यावरच कृत्याचे मोल ठरत नाही. त्या कृत्यातून आपण शेजाऱ्याला काय सांगतो, हेही मोलात धरावे लागते. मात्र ह्याला मर्यादाही आहे. केवळ दाखविण्यापुरती दखल घेऊन खरा उपाय टाळला, तर ते ढोंग होते. सामने हलवून समाधान मानले आणि विहिरी, तलाव, पिके ह्यांचा प्रश्न तसाच ठेवला, तर त्या आदेशाचा मान राहिला असे म्हणता येणार नाही.

आता आम्ही मुख्य मुद्द्याकडे येतो. गरजा दोन प्रकारच्या असतात. काही गरजा आपण जन्मतः घेऊन येतो: तहान, भूक, निवारा. काही गरजा आपल्याच एखाद्या निवडीतून उत्पन्न होतात. घर डोंगरावर बांधले की पाणी वर चढविण्याची गरज उत्पन्न होते. ती खरीच असते, परंतु ती आपण निर्माण केलेली असते. तापलेल्या प्लॅस्टिकला थंड करण्याची गरज ह्या दुसऱ्या प्रकारची आहे. मैदान एकदा अंथरून झाले, त्यावर उन्हात मुले उभी राहिली, की पाईप हातात घेणारा माळी काही अपराध करीत नाही. उलट तो दयेचेच काम करतो. त्याला ‘पाणी वाया घालवितोस’ म्हणून दटावणारा चुकीच्या माणसाला दटावीत असतो. ज्या दिवशी आठ-दहा माणसे टेबलाभोवती बसून हे मैदान अंथरण्याचा ठराव करीत होती, त्याच दिवशी हे पाणी खर्ची पडले. त्या वेळी पाण्याचा शब्दही निघाला नसेल. मैदानाची किंमत विचारली गेली असेल, भाडे किती येईल ते विचारले गेले असेल, किती वर्षे टिकेल तेही विचारले गेले असेल; पण ‘मे महिन्यात ह्याला थंड ठेवण्याचे पाणी कोणाच्या वाट्याचे?’ हे कोणी विचारले नसेल.

आमच्या मते नीतीचा प्रश्न येथे आहे. जी गरज आपल्या निवडीतून जन्मते, तिचे ओझे निवड करणाऱ्याने उचलले पाहिजे. ते शेजाऱ्याच्या घागरीवर टाकता येत नाही. आणि निवड करणारे केवळ गावातले नसतात. खेळाचे नियम करणाऱ्या जागतिक संस्थांनी १९७६ नंतर जे मैदान साऱ्या जगाला लावले, ते पाणी मुबलक असलेल्या थंड देशांच्या सोयीचे होते. ते उष्ण आणि तहानलेल्या देशांना झेपेल काय, हा विचार पुष्कळ उशिरा आला. आंतरराष्ट्रीय हॉकी महासंघाने पाणी न लागणाऱ्या मैदानाकडे जाण्याचा मनोदय २०१८ साली बोलून दाखविला, आणि त्यानंतर कमी पाण्यावर चालणारी मैदाने होऊ लागली आहेत. ही चांगली गोष्ट आहे. पण चाळीस वर्षे गरिबांनी श्रीमंतांच्या हवामानात खेळावे लागले, ही गोष्टही तितकीच खरी आहे.

पाणी जमिनीवर ओतणे म्हणजे ते वाया घालविणेच, असे मात्र आम्ही म्हणणार नाही. शमुवेलाच्या दुसऱ्या पुस्तकातली एक हकीकत वाचकांच्या परिचयाची आहे. दावीद तहानलेला होता आणि बेथलेहेमच्या वेशीजवळच्या विहिरीचे पाणी मिळावे असे त्याच्या तोंडून निघून गेले. गाव पलिष्ट्यांच्या ताब्यात होते. तरी त्याचे तीन वीर शत्रूची छावणी फोडून गेले आणि ते पाणी घेऊन आले. दावीदाने ते प्याले नाही. परमेश्वरासमोर ओतून टाकले. का? तर ज्यांनी ते आणले त्यांनी जिवाचे मोल दिले होते, आणि आपल्या तहानेपेक्षा ते मोल त्याला मोठे वाटले. व्यवहारी माणूस म्हणेल की पाणी फुकट गेले. परंतु त्या पाण्याची किंमत त्या सबंध छावणीत एकट्या दावीदालाच कळली होती. पाणी ओतले की प्याले, हा प्रश्न येथे दुय्यम आहे. ते कोणाच्या श्रमाने आले आणि कोणाच्या वाट्यातून आले, ह्याची जाणीव ओतणाऱ्याला होती की नाही, हे महत्त्वाचे.

ह्या कसोटीला आपले फवारे लावून पाहिले म्हणजे एक गोष्ट दिसते, आणि ती आम्हांस सर्वांत अधिक बोचते. टँकरच्या रांगेत बहुधा कोण उभे असते? आई कामावर गेलेली असते, म्हणून बारा-तेरा वर्षांची मुलगी उभी असते. तिची शाळेतून आल्यावरची वेळ, म्हणजे खेळण्याचीच वेळ, त्या रांगेत जाते. तेव्हा ‘पाणी की खेळ’ असा जो वाद आपण घालतो तो तिच्यापुरता खोटा आहे. तिला पाणी सहज मिळाले असते तर ती खेळली असती. तिच्या घरी नळ नाही म्हणून तिला पाणी नाही, आणि त्याच कारणाने तिला खेळही नाही. मैदानाकडे जाणारे पाणी जर तिच्या वस्तीतून वळविलेले असेल, तर ते मैदान खेळाच्या नावावर एका मुलीचा खेळ काढून दुसऱ्या मुलीला देत आहे. आणि मैदान तासाच्या भाड्याने, संध्याकाळी दिव्यांच्या उजेडात, पैसे भरू शकणाऱ्यांसाठीच असेल, तर ती दुसरी मुलगी कोण, हेही सांगण्याची गरज नाही.

हा विषय आपल्यापासून दूरचा आहे असे कोणी समजू नये. आपल्या जुन्या शाळांच्या आणि मंडळ्यांच्या आवारांत मोठी मैदाने आहेत. शहरे वाढली तशी ह्या जागांची किंमत वाढली, आणि ‘येथे टर्फ घाला, उत्पन्न सुरू होईल’ असा सल्ला देणारे कमिट्यांना भेटतच असतात. उत्पन्नाची गरज खरी असते. इमारती जुन्या झाल्या आहेत आणि पगारही द्यावयाचे असतात. अशा वेळी काय करावे हे दुरून सांगणे बरोबर नाही. परंतु ठराव करण्यापूर्वी चार प्रश्न विचारावेत, एवढे आम्ही सुचवितो.

पहिला: ह्या मैदानाची गरज खेळाची आहे की देखाव्याची? अमेरिकेतील नेवाडा संस्थानाने २०२१ साली एक कायदा केला. कोलोरॅडो नदीचे पाणी आटत चालल्यामुळे केवळ शोभेसाठी लावलेल्या गवताला ते पाणी देणे २०२६ अखेर बंद व्हावे, असे त्यात ठरले. परंतु ज्या गवतावर मुले खेळतात ते त्यातून वगळले. वाळवंटातल्या लोकांनी केलेला हा विवेक आहे. आपणही खेळाचे पाणी आणि शोभेचे पाणी ह्यांत भेद करण्यास शिकले पाहिजे.

दुसरा: पाणी कोठून येणार? पिण्याच्या नळातून आणि वस्तीच्या कूपनलिकेतून येणार असेल तर थांबावे. सांडपाणी शुद्ध करून वापरता येते. मात्र मुले त्यावर पडतात, त्यांना खरचटते, म्हणून त्याची शुद्धता नीट तपासलेली असली पाहिजे. शिवाय असे मैदान पाऊस फारसा मुरू देत नाही. खालच्या नळ्यांतून तो वाहून जातो. वर्षाला ८०० मिलिमीटर पाऊस पडणाऱ्या गावी पाच हजार चौरस मीटरांवर चाळीस लाख लिटर पाणी पडते. त्याचा चौथा हिस्सा जरी टाकीत साठविला तरी मैदान साठाहून अधिक वेळा भिजविता येईल. टाकीला पैसे लागतात हे खरे. पण टाकीचा खर्च ज्याला जड वाटतो त्याला मैदान परवडत नाही, असेच समजावे.

तिसरा: वेळ बदलता येईल काय? सूर्याशी पैज लावण्यापेक्षा त्याची वेळ त्याला सोडून द्यावी, हे आपल्या शेतकऱ्यांना फार पूर्वीपासून ठाऊक आहे. एप्रिल-मे महिन्यांत भर दुपारी फुटबॉलच्या कृत्रिम मैदानावर पाणी मारणे म्हणजे वीस मिनिटांच्या थंडाव्यासाठी हजारो लिटर देणे. पहाटे आणि सूर्यास्तानंतर खेळ ठेवला तर हा खर्च पुष्कळसा टळतो, आणि मुलांना उन्हाचा त्रासही होत नाही.

चौथा: हे मैदान अंथरलेच पाहिजे काय? देशपातळीवर खेळणाऱ्यांना ते लागते, आणि जिल्ह्यात एक-दोन चांगली मैदाने त्यांच्यासाठी असावीत. परंतु जी मुले संध्याकाळी तासभर धावणार आहेत त्यांना मुरमाचे, मातीचे किंवा हरळीचे मैदान पुरते. हरळी उन्हाळ्यात पिवळी पडते, मेल्यासारखी दिसते. पण तिच्या मुळ्या जमिनीत जिवंत असतात आणि पहिल्या पावसाला ती पुन्हा हिरवी होते. बारा महिने हिरवेगार दिसावे हा हट्ट तिचा नाही, आपला आहे. तो सोडला तर पाण्याचा अर्धा प्रश्न सुटतो. धुळीने कपडे मळतील. ते पूर्वीही मळत होते.

ह्या चार प्रश्नांची प्रामाणिक उत्तरे दिल्यावरही एखादी संस्था कृत्रिम मैदान करील, आणि ते योग्यही असू शकेल. पावसाचे पाणी साठविणारे, उन्हाची वेळ टाळणारे, आणि टँकरच्या रांगेतल्या मुलीलाही विनामूल्य आत घेणारे मैदान आम्हांस दिसले तर आम्ही त्याची स्तुतीच करू. उलट ज्या हिरव्यागार गवती मैदानाचे दरवाजे गरिबाला बंद आहेत आणि ज्याचे पाणी गरिबाच्या विहिरीतून येते, ते खऱ्या गवताचे असले म्हणून निर्दोष ठरत नाही.

वाचकांपैकी जे अशा कमिट्यांवर आहेत त्यांना आमची एकच विनंती आहे. मैदानाचा प्रस्ताव पुढे येईल तेव्हा त्याच्या खर्चाच्या कागदावर पाण्याची एक ओळ घालावी: दिवसाला किती लिटर, कोणत्या महिन्यात, आणि कोठून. ही ओळ कागदावर असेल तर सभेत तिच्यावर बोलावेच लागेल. आणि त्या दिवशी सभेला बसण्यापूर्वी, गावात पाणी ज्यांना रांगेत उभे राहून मिळते त्यांच्यापैकी दोघांना बोलावून त्यांचेही ऐकावे. आपल्या मंडळीतच ती माणसे सापडतील. दूर जावे लागणार नाही.